‘डर्टी हॅरी’ पिक्चरच्या शेवटी बंदुकीत गोळी उरलीय का हे पोलीसवाला हॅरी खरंच विसरलेला असतो का? आणि तोच डायलॉग परत का मारतो?

नाही हो, विसरलेला वगैरे काही नसतो. दोन्ही वेळा त्याला पक्कं माहिती असतं, आणि त्याचा पुरावा शेवटी नाही, सुरुवातीच्या बँक दरोड्याच्या सीनमधे आहे.

तो सीन आठवा. हॅरी हॉटडॉग खात असतो, समोर दरोडा पडतो, हा घास चावत चावतच बाहेर येऊन गोळ्या झाडतो. एक जखमी दरोडेखोर बँकेच्या दाराशी पडलाय, शॉटगन हाताशीच. हॅरी त्याला म्हणतो, तुझ्या डोक्यात काय चाललंय मला कळतंय, याने सहा झाडल्या की पाचच? (बंदूक सहा गोळ्यांची.) खरं सांगू, या गडबडीत माझाही हिशोब चुकलाय. तो गप शॉटगन सोडतो. हॅरी ती घेऊन निघतो तर दरोडेखोर मागून म्हणतो गोळी होती का मला कळलंच पाहिजे, मग हॅरी वळून त्याच्यावर बंदूक धरतो आणि चाप ओढतो. टक्. रिकामी! आता हिशोब खरंच चुकला असता तर शरण आलेल्या माणसावर कोण चाप ओढेल? म्हणजे ‘हिशोब चुकलाय’ ही शुद्ध थाप आहे. त्यामुळे लोक पॉज करकरून शेवटच्या गोळ्या मोजत बसतात त्याची मला गंमत वाटते, अरे तो मोजतोय ना.

(बाय द वे ही थाप रिव्हॉल्व्हरवरच चालते. ऑटोमॅटिक पिस्तूल रिकामं झालं की सहसा वरची स्लाइड मागेच अडकून राहते, समोरच्याला दिसतं. रिव्हॉल्व्हर बाहेरून काही बोलत नाही.)

आता परत का. शब्द जवळपास तेच आहेत पण काम उलटं आहे. बँकेपाशी हॅरीला त्या माणसाने शॉटगनला हात लावू नये असं वाटतंय, म्हणून आवाज निवांत, चेहऱ्यावर अर्धं हसू, जवळजवळ मस्करीच. शेवटी स्कॉर्पिओ (हॅरी पिक्चरभर ज्याच्या मागे आहे तो खुनी) खाणीतल्या पाण्याशी पडलाय, ओलीस धरलेलं पोरगं सुटून पळालंय, पिस्तूल बाजूला पडलंय, आणि हॅरी दात आवळून बोलतोय. इथे स्कॉर्पिओने पिस्तुलाला हात लावावा असंच हॅरीला हवंय. कारण नुसतं पकडून काय झालं ते आधी बघितलंच की आपण, स्टेडियमवर हॅरीने त्याला पकडलं, जखमी पायावर पाय देऊन बोलता केला, आणि तेवढ्यावरच सरकारी वकिलाने मिरांडाचं नाव घेऊन पुरावा बाद म्हणून सांगितलं, हा बाहेर. (मिरांडा म्हणजे पकडलेल्या माणसाला त्याचे हक्क आधी सांगायलाच हवेत असा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल. तो १९६६चा आणि पिक्चर १९७१चा, म्हणजे तेव्हा विषय ताजाच होता.) पिस्तूल उचललं तर मात्र गोळी घालायला मोकळीक. म्हणजे पहिल्या वेळी ती वॉर्निंग होती, दुसऱ्या वेळी तो सापळा आहे.

आणि एक बारीक गोष्ट, लोक हा डायलॉग चुकीचा सांगतात. हॅरी ‘तुला लकी वाटतंय का’ असं थेट विचारत नाही. तो म्हणतो तूच स्वतःला विचार, आज आपलं नशीब जोरावर आहे का, आणि मग ‘बोल की, टिनपाटा!’ (मूळ इंग्रजीतल्या ‘पंक’ला मला हाच शब्द बरा वाटतो, सबटायटलवाले काहीतरी गुळगुळीत लिहितात.) निर्णय त्याच्यावर टाकलाय.

बरं ज्याला विचारायला लावलंय त्याचं रेकॉर्ड बघा ना. पुरावा असून सुटला. मग २०० डॉलर देऊन स्वतःलाच बदडून घेतलं आणि नाव हॅरीचं लावलं. नंतर मुलांची बस पळवली तर मेयर पैसे आणि विमान द्यायला तयार! पिक्चरभर नशिबाने या माणसाला एकदाही दगा दिलेला नाही. बँकेपाशी पडलेल्याने तोच प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर आलं नको रे बाबा. स्कॉर्पिओ विचारतो आणि त्याला हसूच येतं, नीट बघा, पिस्तुलाकडे हात जायच्या आधी तो हसतो.