एफडीचं सोडा, नोकरी कधी सोडताय?

घोडबंदर रोडवरून एका वाचकाचं पत्र आलंय. वडील 72 वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर खुब्याजवळच्या हाडात उतरलेला. रेडिएशन झालं, तरी डाव्या कुशीवर होता येत नाही. रात्री दोनला उठून खुर्चीत बसतात. डॉक्टरांनी क्रायोअब्लेशन, म्हणजे गाठ गोठवणं सुचवलंय. अंदाज अडीच लाख. एफडी मोडू की 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ?

एफडी मोडा. सात टक्के कमावणारा पैसा जपायला चौदा टक्के कोण भरतं? मुदतीआधी मोडल्याचा दंड एक टक्का धरला तरी वर्षाला अडीच हजार. विषय संपला.

पण तुम्ही लिहिता, ‘गाठ गोठवली की दोन-तीन वर्षं निवांत.’ तसं नसतं हो. सीटी स्कॅनवर बघत सुईसारखी नळी गाठीत घालतात, आर्गॉन वायू सोडला की टोकाभोवती बर्फाचा गोळा धरतो. दहाएक मिनिटं गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. त्या जागेच्या पेशी मरतात, दुखणं पोहोचवणाऱ्या नसा बधिर होतात. उतार पडायला काही दिवस, कधी काही आठवडे. बाकीचा कॅन्सर आहे तिथेच, औषधं-इंजेक्शनांची बिलंही चालूच. बाबांना सलग झोप लागली तरी अडीच लाख वसूल, एवढीच अपेक्षा ठेवा.

खरा घोळ शेवटच्या ओळीत आहे : ‘जूनमध्ये नोकरी बदलतोय, पगार 20 टक्के जास्त.’ आई-बाबा दोघंही तुमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर. बाबांची स्वतःची जुनी पॉलिसी 2022 मध्ये सोडलीत, कारण बँकेतल्या साहेबांनी दीड लाख हप्त्याची ‘गॅरंटीड’ पॉलिसी गळ्यात मारली. पंधरा वर्षांनी त्यातून पाच-साडेपाच टक्के सुटले तरी नशीब. त्यापायी कॅन्सरच्या पेशंटचा विमा आता तुमच्या आयकार्डला लटकलाय.

नवी कंपनी आईवडिलांना कव्हर देते का? पहिल्या दिवसापासून, जुन्या आजारासकट? एचआरकडून लेखी घ्या, मगच राजीनामा टाका. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण विमा कंपनी तब्येत पाहून नकार देऊ शकते. बाहेर बाबांना नवी पॉलिसी मिळणं जवळपास अशक्य. वीस टक्क्यांची वाढ एका अ‍ॅडमिशनमध्ये उडून जाईल.

आणि एवढ्या लांब पत्रात क्लेमचा शब्द नाही! या प्रोसीजरसाठी कॅशलेसची पूर्वपरवानगी मागितलीत का? उद्याच हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला गाठा. नोकरी आहे तोवर उरकलं, तर कदाचित एफडीला हातही लागणार नाही.

‘गॅरंटीड’चे चार हप्ते, सहा लाख गेले. पाचवा भरू नका, पेड-अप करून घ्या, म्हणजे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू. त्याच दीड लाखातून आईची वेगळी पॉलिसी काढा, याच महिन्यात. ती 68 ची, बीपीची एक गोळी सोडली तर धडधाकट. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून घाई. आणि फॉर्मवर ती गोळी लपवू नका.