तुझा मसुदा परत पाठवतो आहे

सोलापूर, रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला, जाहीर उत्तराचा मसुदा मी दोनदा वाचला. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी तो सर्वांसमोर ठेवण्याचा तुझा बेत होता आणि माझ्या शब्दाखातर तो तू एक दिवस लांबवलास, याचे मला बरे वाटले. तुझ्या वयाचा असताना मला कोणी थांब म्हटले असते, तर मी थांबलो नसतो.

मसुद्याचे परिच्छेद चौदा आहेत. लहान कंपनीने आपले सॉफ्टवेअर एकसंध ठेवावे, त्याचे वीस तुकडे करून वीस ठिकाणी चालवू नये, हे तुझे म्हणणे तीन परिच्छेदांत आले आहे. उरलेले अकरा परिच्छेद, असे तुकडेच करावेत असे म्हणणाऱ्या आणि 'आधी पहिली नोकरी टिकव, मग आम्हाला शिकव' असे तुला चारचौघांत हिणवणाऱ्या त्या नावाजलेल्या अभियंत्यावर तोंडसुख घेण्यात खर्ची पडले आहेत. त्यांतील दोन-तीन वाक्यांना मला हसू आले, हेही कबूल करतो. तुझी लेखणी झोंबते, आणि मला काळजी आहे ती त्याचीच.

हाच वाद, जवळजवळ याच मुद्द्यावर, तुझ्या जन्माआधी होऊन गेला आहे. 29 जानेवारी 1992 रोजी ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी 'लिनक्स कालबाह्य आहे' असे जाहीरपणे लिहिले. लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली. लिनस टॉरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकणारा 22 वर्षांचा मुलगा होता, आणि टॅनेनबॉम यांच्याच मिनिक्स या प्रणालीवर हात बसवून त्याने लिनक्स लिहायला घेतले होते. प्रणालीचा गाभा लहान ठेवून बाकीची कामे वेगवेगळ्या प्रोग्रामांकडे सोपवावीत, एकच अवजड गाभा रचणे म्हणजे 1970च्या दशकात परत जाणे, असे प्राध्यापकांचे म्हणणे होते. पुढे, माझा विद्यार्थी असतास तर अशा रचनेला तुला चांगले गुण मिळाले नसते, असा टोमणाही त्यांनी मारला. पहिल्या टीकेला टॉरवाल्ड्सने त्याच दिवशी तिखट उत्तर दिले होते आणि प्राध्यापक असणे ही मिनिक्समधील दोषांची सबब होऊ शकत नाही, असे सुनावले.

लोक ही गोष्ट इथेच थांबवतात, कारण भांडणाची लज्जत इथपर्यंतच आहे. दुसऱ्या दिवशी टॉरवाल्ड्सने जाहीर माफी मागितली, आपण भान सोडून लिहिले असे मान्य केले, आणि 'असे करायचे नसते' हे स्नेहाने कळवणाऱ्या एका गृहस्थाचे आभार मानले. तत्त्वतः लहान गाभ्याची रचना अधिक चांगली, हे तर त्याने पहिल्या उत्तरातच कबूल केले होते. मात्र मिनिक्समध्ये ती नीट उतरलेली नाही आणि लिनक्स आज लोकांच्या हाती आहे, हा मुद्दा त्याने सोडला नाही. माफी वागण्याची होती, मताची नव्हती. तुझ्या मसुद्यात या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. कडक शब्द वगळले तर आपण मुद्दाही सोडला असे दिसेल, अशी भीती त्याच्या ओळीओळीतून दिसते.

त्या वादात बरोबर कोण ठरले, हे एका वाक्यात सांगता येत नाही. पाच वर्षांत सगळे जण स्पार्क नावाच्या वेगळ्या प्रोसेसरच्या संगणकांवर काम करतील, हे प्राध्यापकांचे भाकीत साफ चुकले. लिनक्स एकाच प्रोसेसरला बांधलेले आहे हा त्यांचा आक्षेप मात्र खरा होता, आणि नंतरच्या वर्षांत ते इतर प्रोसेसरांवर नेण्यासाठी बरेच कष्ट घ्यावे लागले. जगभरातले बहुतेक सर्व्हर आज लिनक्सवर चालतात. पण इंटेलच्या चिपांत खोलवर बसवलेल्या व्यवस्थापन यंत्रणेत मिनिक्स असल्याचे 2017 मध्ये सर्वांना कळले. लिनक्स म्हणजे मिनिक्सची चोरी, असा आरोप 2004 मध्ये अमेरिकेतून झाला, तेव्हा 'हे त्याने स्वतः लिहिले आहे' असे जाहीरपणे सांगायला स्वतः टॅनेनबॉम पुढे आले. बारा वर्षांपूर्वीच्या भांडणात तशी वेळ येण्याइतकी जागा दोघांनीही शिल्लक ठेवली होती. हाच टॉरवाल्ड्स पुढे सहकाऱ्यांशी इतक्या कठोर भाषेत बोलत राहिला की सप्टेंबर 2018 मध्ये त्याला पुन्हा माफी मागून काही आठवडे कामातून बाजूला व्हावे लागले, तेव्हा त्याला देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही.

आता माझे. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी इथल्या यंत्रमाग कारखानदारांसाठी पगाराचे सॉफ्टवेअर लिहीत होतो, आणि गावातील दुसरा एक जण तेच काम करीत असे. त्याच्या हिशेबात एक चूक होती: विणकराच्या रोजच्या मजुरीतील सुटे पैसे तो आधी गाळत असे आणि मग आठवड्याची बेरीज करीत असे. दर शनिवारी माणसामागे दोन-तीन रुपये कमी पडत. मी ते शोधले, कारखानदारांच्या बैठकीत छापील कागद फडकावून दाखवले, वर त्याच्या शिक्षणावर एक विनोद केला. सभा हसली. चूक दुरुस्त केली तर मी जिंकलो असे होईल, म्हणून त्याने ती जवळजवळ दोन वर्षे दुरुस्त केली नाही. 'ही आमची पद्धत आहे' म्हणत राहिला. ते रुपये ना त्याचे गेले, ना माझे. एका वृद्ध कारखानदाराने नंतर मला बाजूला घेऊन विचारले, आमच्याकडे टॉवेल तपासणारा खूण कशावर करतो, कापडावर की विणकराच्या अंगावर? मला राग आला होता.

मी आधी त्याच्या दारात जायला हवे होते. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचे काम करणाऱ्यांनी हीच रीत बसवली आहे. गूगलने 2014 मध्ये सुरू केलेला 'प्रोजेक्ट झिरो' हा गट त्रुटी आधी निर्मात्याला खासगीत कळवतो, 90 दिवसांची मुदत देतो, आणि मुदत टळली तर मात्र सर्वांसमोर मांडतो. म्हणून, गप्प बस असे मी तुला सांगत नाही. तुझ्या बाबतीत त्रुटी अशी काही नाही, मतभेद आहे, आणि तो जाहीरपणे मांडण्याचा तुला हक्क आहे.

तिसरा, सातवा आणि अकरावा असे तीन परिच्छेद मी ठेवले आहेत. त्यांच्या आधी त्या गृहस्थांचे म्हणणे चार वाक्यांत असे लिही की वाचून त्यांनीच 'होय, मी हेच म्हणतो' म्हणावे. शंभर अभियंत्यांच्या कंपनीत त्यांचीच रचना सोयीची पडते, हेही तिथेच मान्य कर. नोकरीच्या टोमण्याला उत्तर देऊ नकोस. तुझ्या बाजूने मित्रांना उतरवू नकोस. ते मुद्दा न वाचता येतात आणि निस्तरावे मात्र तुला लागते.

आणखी एक. सातव्या परिच्छेदात प्रतिसादाच्या वेळेचा जो आकडा दिला आहेस, तो तू एकाच दिवशी, बहुधा सुटीच्या दिवशी मोजलेला दिसतो. सगळे उत्तर त्याच आकड्यावर उभे आहे. तो कामाच्या दिवसांत आठवडाभर पुन्हा मोज आणि मला पाठव. तोवर हे प्रसिद्ध करू नये, असे माझे मत आहे.