अमेरिकेच्या सुरुवातीच्या चांदीच्या नाण्यांवरचं चित्र सारखं का बदलत होतं? फक्त कोरणारे कारागीर बदलले म्हणून?

कारागीर बदलले हे खरं, पण तेवढ्यानं उत्तर पूर्ण होत नाही. रॉबर्ट स्कॉट हा एकच कारागीर कामावर असताना पहिल्या चार-पाच वर्षांतच डॉलरची दोन्ही अंगं बदलली.

मुळाशी १७९२ चा टांकसाळ कायदा आहे. नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचं डोकं असावं, अशी सिनेटची सूचना होती. प्रतिनिधिगृहानं ती उडवून लावली. नुकतंच राजाला घालवलेल्या लोकांना पुन्हा खिशात राज्यकर्त्याचा चेहरा नको होता. मग ठरलं, की एका बाजूला स्वातंत्र्याचं प्रतीक आणि सोन्याचांदीच्या नाण्यांवर मागे गरुड. स्वातंत्र्यदेवीचे केस कसे असावेत, गरुड कसा बसावा, हे कायद्यानं सांगितलंच नाही. त्यामुळे चित्र बदलायला दर वेळी कायदा बदलावा लागत नसे.

१७९४ चा पहिला डॉलर मोकळ्या केसांचा. यंत्र एवढ्या मोठ्या नाण्यासाठी कमजोर होतं, त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर एका कडेला ठसा फिका उठला. १,७५८ डॉलर चलनात देऊन काम थांबवावं लागलं. १७९५ मध्येच देवीचे केस फितीनं बांधले गेले आणि खांद्यावर वस्त्र आलं. हे रूप गिल्बर्ट स्टुअर्ट या नामवंत चित्रकाराच्या रेखाटनावरून घेतलं, असं परंपरेनं सांगतात.

मला स्वतःला ताऱ्यांची भानगड जास्त आवडते. सुरुवातीला १५ राज्यं म्हणून १५ तारे. १७९६ मध्ये टेनेसी आलं, तारे १६ झाले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं असणार, की हे असंच चाललं तर नाण्यावर तारेच उरतील! शेवटी मूळ वसाहतींचे १३ कायम झाले. १७९७ च्या पाच सेंटांच्या नाण्यात, म्हणजे हाफ डाइममध्ये, १५, १६ आणि १३ असे तिन्ही प्रकार सापडतात. पोलादी ठसा महाग, तो फुटेपर्यंत वापरायचा, असा हिशेब होता. म्हणून एकाच सालात जुनं-नवं शेजारी दिसतं.

१७९८ मध्ये डॉलरवरचा बारीक अंगाचा गरुड जाऊन अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा ढालधारी गरुड आला. राजमुद्रेत त्याच्या उजव्या पंजात ऑलिव्हची फांदी आहे, नाण्यावर मात्र बाण. फ्रान्सला दिलेला हा इशारा, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. हाच गरुड १७९६ च्या अडीच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर आधीच आला होता, आणि फ्रान्सशी समुद्रावरच्या चकमकी १७९८ मध्ये सुरू झाल्या. ठसा कोरताना डावं-उजवं झालं असावं, इतकंच.

पुढे १८०७ मध्ये जॉन राईख या कारागिराची टोपीवाली देवी अर्ध्या डॉलरवर आली, आणि १८३६ मध्ये गोब्रेख्ट या दुसऱ्या कारागिराची बसलेली देवी डॉलरवर.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर १८५३ चं नाणं देतं. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, सोन्याच्या मानानं चांदी महागली, आणि अर्धा डॉलर खर्च करण्यापेक्षा वितळवणं परवडायला लागलं. सरकारनं त्याचं वजन २०६.२५ ग्रेनवरून (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) १९२ ग्रेन केलं. हलकं नाणं चटकन ओळखू यावं म्हणून सालाच्या दोन्ही बाजूंना बाणाची टोकं आणि गरुडाभोवती किरणं टाकली. किरणं पुढच्याच वर्षी काढली, बाण १८५५ पर्यंत राहिले. डॉलरचं वजन बदललं नाही, म्हणून त्यावर बाणही नाहीत. इथे चित्रकलेचा संबंधच नव्हता.

आणि कुणी १८०४ सालचा डॉलर स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. ज्ञात अस्सल नाणी अगदी मोजकी आहेत, आणि त्यातलं एकही १८०४ मध्ये पाडलेलं नाही. पहिली तुकडी १८३४ च्या सुमारास मस्कत आणि सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राज्यकर्त्यांना द्यायच्या भेटींसाठी पाडली गेली.