अमेरिकेत सरकार ‘बंद’ पडतं म्हणजे काय होतं? आपल्याकडे तसं का होत नाही?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. इतक्या श्रीमंत देशाच्या सरकारचे पैसे संपतात कसे, भारतात असं कधी ऐकलं नाही ते का, आणि तुमची भाची तिकडे एच-१बी व्हिसावर असून नोकरी बदलते आहे, तिने काळजी करावी का. मी मेरीलंडमध्ये, वॉशिंग्टनच्या अगदी शेजारी राहतो. आमच्या वस्तीतल्या बऱ्याच घरांची चूल केंद्र सरकारच्या पगारावर पेटते, त्यामुळे सप्टेंबर सरत आला की इथे दुसरा विषय नसतो.

तर पहिली गोष्ट, पैसे संपत नाहीत. कर जमा होत असतो, सरकारी रोखे विकले जात असतात. नसते ती खर्च करायची परवानगी. काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, कायदा करून मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असं अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्याच कलमात लिहिलंय. खात्यांच्या रोजच्या कारभाराची ही मंजुरी साधारणपणे वर्षापुरती असते आणि वर्ष संपतं ३० सप्टेंबरला. तोवर बारा विनियोजन विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षांची सही व्हायला हवी. गेल्या पन्नासेक वर्षांत हे काम वेळेत पुरं झालं ते फक्त चार वेळा! एरवी काही आठवड्यांची किंवा महिन्यांची तात्पुरती मंजुरी घेऊन वेळ मारून नेतात, आपल्याकडच्या लेखानुदानासारखी. तीही झाली नाही की १ ऑक्टोबरच्या पहाटे, आणि ती मध्येच संपली तर त्या दिवशी, ज्या खात्यांची मंजुरी संपली ती खाती बंद.

पण गंमत अशी की १९८० पर्यंत असं होत नव्हतं. मंजुरी तेव्हाही चुकायची, कधी कधी आठवडाभर किंवा जास्तही. खाती मात्र चालूच राहायची. प्रवास, नवी भरती, असले खर्च जरा आखडते घ्यायचे आणि काँग्रेस मागाहून मंजुरी देईल हे गृहीत धरून काम रेटायचं. एकोणिसाव्या शतकातला एक जुना कायदा याच्या विरोधात होता. तेव्हा खाती वर्षाचा पैसा सहा-आठ महिन्यांतच उडवायची आणि मग काँग्रेसपुढे हात पसरायची. त्याला चाप बसावा म्हणून केलेला हा कायदा म्हणतो, मंजुरीपलीकडे खर्च करायचा नाही आणि फुकट सेवाही घ्यायची नाही, अपवाद फक्त माणसांचे जीव आणि मालमत्ता वाचवण्यापुरता. जाणूनबुजून मोडला तर अधिकाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एप्रिल १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लेखी मत दिलं की हा कायदा जसा लिहिलाय तसाच पाळायचा, मंजुरी नाही तर खातं बंद करायचं. १ मे १९८० रोजी फेडरल ट्रेड कमिशन हे व्यापारावर नजर ठेवणारं केंद्राचं कार्यालय एक दिवसासाठी खरोखरच बंद झालं. पुढल्या जानेवारीत त्यांनी दुसरं मत देऊन जीव-मालमत्तेचा अपवाद जरा सैल केला. आज विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस, हवाई वाहतूक नियंत्रक, तुरुंगातले पहारेकरी बिनपगारी का होईना पण कामावर येतात, ते त्या अपवादामुळे. म्हणजे ज्याला आपण अमेरिकी लोकशाहीचा खास नमुना समजतो तो एका कायदेशीर सल्ल्यातून आला. संविधान लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही तो नसावा. काँग्रेसने मनात आणलं तर ‘मंजुरी होईपर्यंत गेल्या वर्षीइतका खर्च चालू’ असा दोन ओळींचा कायदा करून ती हे कायमचं थांबवू शकते. तशी विधेयकं अधूनमधून येतातही. मागे पडतात, कारण दोन्ही पक्षांना हे हत्यार हाताशी हवं असतं, असं माझं मत.

बंद काळात सगळंच थांबतं असं नाही. वृद्धांचं निवृत्तिवेतन आणि मेडिकेअर हा त्यांचा सरकारी आरोग्यविमा यांना वार्षिक मंजुरी लागत नाही, ती चालू राहतात. टपाल खातं स्वतःच्या कमाईवर चालतं, तेही चालू. शाळा, पोलीस, वाहन परवाने, कचरा ही कामं राज्यांची, काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखी) नाहीतर शहराची, केंद्राशी त्यांचा संबंध नाही. भारतातून फोन येतो, ‘अरे, मुलांची शाळा बंद का?’ नाही हो, शाळा चालू आहे. राज्य सरकारंही क्वचित बंद पडतात, पण त्यांचं भांडण वेगळं. न्यू जर्सीत जुलै २०१७ मध्ये राज्याचा अर्थसंकल्प अडला, चार जुलैच्या सुट्टीत सरकारी समुद्रकिनारे लोकांना बंद, आणि गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी त्याच बंद किनाऱ्यावर घरच्यांसोबत खुर्ची टाकून बसलेले. एका वर्तमानपत्राने वरून विमानातून फोटो काढला. तिथल्या एडिसन गावातले आमचे नातेवाईक अजून त्या फोटोवर हसतात.

केंद्रात २०१८-१९ च्या हिवाळ्यात मेक्सिको सीमेवरच्या भिंतीवरून ३५ दिवस बंद राहिलं. साधारण आठ लाख कर्मचारी पगाराविना होते, त्यांतले निम्म्याहून जास्त रोज कामावर जात होते. २०२५ मध्ये आरोग्यविम्याच्या अनुदानावरून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस गेले. तोवरचा तो सर्वांत लांब बंद. त्यात सुमारे सव्वाचार कोटी लोकांची अन्नमदत नोव्हेंबरमध्ये लटकली आणि नियंत्रक कमी पडतात म्हणून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. आमच्या शेजारचे गृहस्थ त्या काळात रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात होते आणि संध्याकाळी बँकेला फोन करून घराचा हप्ता पुढे ढकलता येईल का विचारत होते. थकलेला पगार नंतर द्यायचा असा कायदा २०१९ मध्ये झाला आहे, पण हप्त्याची तारीख काही त्यासाठी थांबत नाही. खासदारांचा पगार मात्र चालू असतो, त्याची तरतूद कायमची आहे.

आता भारत. आपल्याकडे हे कुलूप नाही असं नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६६ मध्ये तेच आहे, कायद्याशिवाय संचित निधीतून पैसा निघणार नाही. फरक कुलुपात नाही, किल्ली कोणाकडे आहे त्यात आहे. आपल्याकडे सरकार लोकसभेतल्या बहुमतावरच उभं असतं. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांच्या खर्चाच्या मागण्या, लोकसभेने फेटाळल्या तर त्याचा अर्थ सरकारने विश्वास गमावला असा होतो, आणि मग सरकार जातं, कार्यालयं चालू राहतात. राज्यसभा धन विधेयक अडवू शकत नाही, चौदा दिवसांत परत करावंच लागतं. मुंबईत विधानसभेतही तसंच, पुरवणी मागण्यांवर विरोधक कितीही तुटून पडले तरी शेवटी त्या मंजूर होतात, कारण नाही झाल्या तर मंत्रिमंडळच उरत नाही. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, तरी त्याच लोकसभेने विसर्जनापूर्वी त्या सरकारचा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला. एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष तेवढ्यापुरते एकत्र आले.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी, प्रतिनिधिगृह दोन आणि सिनेटर सहा वर्षांसाठी निवडून येतात. धोरणावरून भांडण झालं म्हणून कोणी कोणाला घरी पाठवू शकत नाही, सभागृह बरखास्त करून लोकांकडे जाण्याचीही सोय नाही. म्हणून कोंडी झाली की ती कोंडीच राहते. त्यात सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायला शंभरपैकी साठ मतं लागतात. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहं रिपब्लिकन पक्षाकडे होती. ‘बहुमत आहे ना, मग अडलं कुठे?’ असं मला पुण्याहून कितीतरी जणांनी विचारलं. अडलं इथेच, सिनेटमध्ये त्यांचे ५३ होते.

यातून पैसा वाचतो असंही नाही. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने ३५ दिवसांच्या बंदचा हिशेब मांडला, तेव्हा अर्थव्यवस्थेचं सुमारे ११ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडालं आणि त्यातले ३ अब्ज कधीच भरून निघणार नाहीत असा अंदाज निघाला.

कर्जमर्यादेचं भांडण वेगळं, त्याची यात सरमिसळ करू नका. तिथे आधी मंजूर झालेल्या खर्चासाठी कर्ज काढायची परवानगी अडकते आणि देश देणी थकवण्याच्या काठावर जातो. २०११ मध्ये तशा भांडणानंतर स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन कंपनीने अमेरिकेची पत एक पायरी खाली आणली. ते प्रकरण जास्त गंभीर.

भाचीबद्दल. व्हिसाचे अर्ज पाहणारं इमिग्रेशन खातं मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालतं, म्हणून ते सहसा चालू राहतं. वकिलातीतल्या व्हिसा मुलाखतींचंही तसंच. अडचण त्याच्या आधीच्या पायरीत आहे. नोकरी बदलताना नव्या कंपनीला आधी श्रम खात्याकडून पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज प्रमाणित करून घ्यावा लागतो, ज्याला सगळे एलसीए म्हणतात. श्रम खातं मंजुरीवर चालतं. २०१३ आणि २०२५ मध्ये ते बंद पडल्यावर नवे एलसीए थांबले आणि नोकरी बदलणारे लटकले. २०१८-१९ मध्ये मात्र श्रम खात्याच्या खर्चाचं विधेयक आधीच मंजूर झालं होतं, त्यामुळे पस्तीस दिवस बंद असूनही एलसीए नेहमीसारखे मिळत होते. म्हणून ‘सरकार बंद पडणार’ या बातमीपेक्षा श्रम खात्याचं विधेयक मंजूर झालं की नाही ते बघायला सांगा. एलसीएला साधारण सात कामकाजाचे दिवस लागतात आणि रुजू होण्याच्या सहा महिने आधीपर्यंत तो मागता येतो. तिची तारीख ऑक्टोबरच्या आसपासची असेल तर नव्या कंपनीच्या वकिलाला आत्ताच ईमेल करून सप्टेंबरच्या मध्याच्या आत तो हातात घ्यावा. आणि तो येऊन नव्या कंपनीचा व्हिसाचा अर्ज दाखल होईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.