अमेरिकेत कोर्ट रिपोर्टरना (न्यायालयात बोललेलं शब्दशः टिपून घेणाऱ्या लघुलेखकांना) परवाना देणारं राज्य मंडळ कसं स्थापन होतं?

सगळ्या राज्यांसाठी एकच नियम नाही. काही राज्यांत तर असं मंडळच नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेतो.

तिथलं मंडळ राज्य विधिमंडळाने कायदा करून 1951 मध्ये स्थापन केलं. आज ते ग्राहक व्यवहार खात्याखाली चालतं. सदस्य फक्त 5. त्यातले 2 परवानाधारक रिपोर्टर, आणि नेमणुकीआधी सलग किमान 5 वर्षं त्यांनी त्याच राज्यात काम केलेलं असावं लागतं. उरलेले 3 व्यवसायाबाहेरचे, म्हणजे सामान्य नागरिकांचे प्रतिनिधी. बहुमत बाहेरच्यांचं, हे मुद्दाम. परवाना देणं आणि तक्रारींवर कारवाई करणं ही दोन्ही कामं मंडळाकडे असल्याने ते व्यावसायिकांच्याच ताब्यात गेलं, तर आपल्या माणसांना सांभाळून घेण्याचा मोह होणारच. माझ्या मते सगळ्या रचनेत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची.

नेमणुकाही एका हातात नाहीत. दोन्ही रिपोर्टर आणि एक नागरिक सदस्य गव्हर्नर नेमतात. एक नागरिक सदस्य राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाची, म्हणजे सिनेटची, नियम समिती नेमते आणि एक खालच्या सभागृहाचे, म्हणजे असेंब्लीचे, सभापती. मुदत 4 वर्षं. शिवाय मंडळ कायम ठेवायचं की नाही, हे विधिमंडळ ठरावीक काळाने तपासतं.

आपल्याकडे असा परवाना लागत नाही. न्यायालयातले लघुलेखक भरती परीक्षेतून येतात.