मुलांसोबत घरातच बिया रुजवायला कोणते जुने डबे वापरावेत?

दह्याचे रिकामे कप, दुधाचा खोका, काहीही चालेल. तळाला दोन-तीन भोकं मात्र हवीतच. ती मोठ्यांनी पाडावीत, माती मुलांना भरू द्यावी. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे फार पटकन सुकतो, म्हणून मला कपच आवडतात. त्यातही पारदर्शक कप! घेवड्याचं बी अगदी कडेला लावा, बाहेरून काळा कागद गुंडाळा. रोज कागद सरकवून पाहिलं की पांढरं मूळ खाली उतरताना दिसतं, आणि मूल उठल्याउठल्या तिकडेच धावतं. घेवडा साधारण आठवड्याभरात उगवतो. मिरचीला २ आठवडेही लागतात, तेवढा धीर लहानांना नसतो. बी जाडीच्या दुप्पट खोल पेरा. अंकुर दिसताच कप भरपूर उजेडात ठेवा, नाहीतर रोप लांबुडकं होऊन आडवं पडतं.