वाचकांचे प्रश्न : पेटीतलं बाळ, ऑक्सिजन आणि डोळ्याचा पडदा

लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या आजारावर, म्हणजे आरओपीवर (रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) मागच्या वेळी दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग लागला. त्यातली चार घेतेय, थोडीफार छाटून.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी २८ व्या आठवड्यात झाली, वजन १०५० ग्रॅम. महिनाभर ऑक्सिजनवर होती, मध्येच इन्फेक्शन झालं, दोनदा रक्त चढवलं. आता आरओपी स्टेज २ सांगितलंय. घरातले म्हणतात ऑक्सिजन जास्त दिला म्हणून डोळे बिघडले, आणि मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं, मी दिवस भरू दिले नाहीत. नक्की कशामुळे होतं हे?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगते, मग बाकीचं. डोळ्याच्या पडद्यातल्या, म्हणजे रेटिनातल्या रक्तवाहिन्या साधारण १६ व्या आठवड्यात मधून, जिथे डोळ्याची नस आत येते तिथून वाढायला लागतात, आणि नाकाकडच्या कडेला ३६ व्या आठवड्याच्या आसपास पोचतात, कानाकडच्या कडेला तर पार दिवस भरत आल्यावर. म्हणजे तुमची मुलगी जन्मली तेव्हा हे काम अर्ध्यावरच होतं. पोटात ऑक्सिजन बेताचाच असतो आणि त्या बेताच्या ऑक्सिजनमुळेच वाहिन्यांना वाढायचा सिग्नल मिळत राहतो, व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन आहे ते. बाहेर आल्यावर साधी हवासुद्धा त्या पडद्याला जास्तच होते, वर नळीतून ऑक्सिजन, मग सिग्नल मंदावतो आणि वाढ थांबते. पुढे ३१-३२ व्या आठवड्याच्या सुमाराला (आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजायचं हं, जन्मापासून नाही) पडद्याची ऑक्सिजनची भूक वाढते, कडेला तर वाहिन्याच नाहीत, मग तोच सिग्नल इतका जोरात सुटतो की वाहिन्या वेड्यावाकड्या, नको तिथे फुटतात. हा आरओपी. फार वाढला तर त्या वाहिन्यांसोबत येणारे धागे पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात, आणि मग नजर जाते.

आता ऑक्सिजनचं. घरातले अगदीच चूक नाहीत, पण अर्धंच बरोबर आहेत. हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९४२ मध्ये बॉस्टनला, डॉ. टेरी यांनी, आणि १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, तोवर जगभरात हजारो मुलं आंधळी झाली होती. मग सगळ्यांनी ऑक्सिजन एकदम आवळला. अंधत्व कमी झालं खरं, पण बाळं दगावायला लागली, १९७३ मध्ये एका डॉक्टरांनी हिशोब मांडला की एका बाळाची नजर वाचवताना अंदाजे १६ बाळं जात होती. पुढे २०१० मध्ये २४ ते २७ आठवड्यांच्या बाळांवरचा मोठा अभ्यास आला, एका गटाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, ८५ ते ८९ टक्के ठेवलं, दुसऱ्याचं ९१ ते ९५. वाचलेल्या बाळांत गंभीर आरओपी पहिल्या गटात ८.६ टक्के, दुसऱ्यात १७.९. पण डिस्चार्जच्या आधीचे मृत्यू बघा, पहिल्यात १९.९ टक्के, दुसऱ्यात १६.२. त्यामुळे एनआयसीयूतली, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली मंडळी ऑक्सिजन देतात तेव्हा ती हयगय नसते, दोरीवरची कसरत असते. खरा घोळ होतो तो मोजमाप न ठेवता सोडलेल्या ऑक्सिजनचा, आणि सॅच्युरेशन सारखं वरखाली होत राहण्याचा.

आणि एकटा ऑक्सिजनच नाही. सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे किती लवकर जन्म आणि किती कमी वजन, बाकी सगळं त्यांच्या मागून. रक्तात पसरलेलं इन्फेक्शन, बरेच दिवस व्हेंटिलेटर, श्वास मध्येच थांबणं, मेंदूत रक्तस्राव, वारंवार रक्त चढवणं, ही त्यातली मुख्य. एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे जन्मानंतर वजन न वाढणं. पहिल्या काही आठवड्यांत ज्या बाळाचं वजन रेंगाळतं त्याच्या अंगात आयजीएफ-१ हे वाढीचं द्रव्यही कमी असतं, आणि वाहिन्या नीट वाढायला तेही लागतं. म्हणून वजनाचा तक्ता मी डोळ्यांच्या फाईलइतकाच नीट बघते. आईच्या दुधावरच्या बाळांत आरओपी कमी दिसतो असंही बऱ्याच अभ्यासांत आलंय, जमत असेल तर चालू ठेवा. स्टेज २ बहुतेक वेळा आपोआप ओसरते, पण ओसरतेय की वाढतेय हे बघायला तारखेला जायचंच.

प्रश्न : मॅडम, आम्हाला जुळे नातू झाले, ३३ आठवड्यांचे. एक १४०० ग्रॅम, दुसरा १९००. मोठा ठणठणीत आहे, आवाजाकडे वळतो, डोळे टपोरे आहेत. त्याचीही डोळ्यांची तपासणी सांगितलीय. उगाच कशाला?

उत्तर : आजोबा, उगाच नाही. टपोरे डोळे म्हणजे निरोगी पडदा नव्हे. आरओपी बाहेरून दिसतच नाही, ना लाली, ना पाणी, आणि ज्या दिवशी बाहुलीत पांढरं दिसतं त्या दिवशी बहुतेक वेळा पडदा सुटलेला असतो. राहता राहिलं वजन, तर कुणाला तपासायचं याची रेघ देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत ३० आठवडे किंवा १५०० ग्रॅमपर्यंतची बाळं तपासतात, भारतात रेघ बरीच वर आहे, ३४ आठवडे किंवा २००० ग्रॅम, कारण इथे अमेरिकेच्या रेघेहून मोठ्या बाळांमध्येही गंभीर आरओपी सापडतो. दोघं नातू या रेघेच्या आत येतात. पहिली तपासणी जन्मानंतर ४ आठवडे व्हायच्या आत, आणि २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं बाळ असेल तर २-३ आठवड्यांतच. बाळ घरी आलं, अंग धरायला लागलं की नेमकी हीच तारीख विसरली जाते, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ती लिहून घ्या.

प्रश्न : काविळीसाठी निळ्या लाइटखाली ठेवलं होतं. त्यामुळे आरओपी होतो का? आणि आम्ही मोबाइलच्या फ्लॅशने फोटोही काढलेत.

उत्तर : नाही. उजेडाचा संशय पूर्वी होता, मग १९९८ मध्ये अभ्यास आला, त्यात काही बाळांच्या डोळ्यांवर पडणारा उजेड मुद्दाम कमी केला होता, तरी आरओपीत फरक पडला नाही. निळ्या लाइटखाली डोळ्यांवर पट्टी लावतात ती त्या प्रखर उजेडापासून जपायला. फ्लॅश मात्र राहू द्या, आरओपीसाठी म्हणून नाही, बाळ दचकतं म्हणून.

प्रश्न : पहिल्या तपासणीत बाळ इतकं रडलं की मला बघवेना. आता स्टेज १ म्हणतात, आठवड्याने बोलावलंय. दोन-तीन आठवड्यांनी गेलं तर नाही का चालणार?

उत्तर : नाही चालणार, आणि हे मी जरा कडकच सांगतेय. उपचार करायची वेळ आलीच तर तो साधारण ४८ ते ७२ तासांत व्हावा लागतो, फार लवकर जन्मलेल्या काही बाळांत तर आजार स्टेजची पायरीही धरत नाही, थोड्याच दिवसांत उसळतो. तीन आठवड्यांत लेझर किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनची वेळ निघून जाऊ शकते, मग ऑपरेशन उरतं आणि त्याने नजर परत येईलच असं नाही. रडणं कमी करता येतं, तपासणीच्या आधी बधिर करणारे थेंब, कपड्यात गुंडाळून धरणं, जिभेवर दोन थेंब साखरेचं पाणी, हे नर्सला आठवण करून मागून घ्या. पाजायचं मात्र तासभर आधी उरका, नाहीतर उलटी होते. बघवत नसेल तर तुम्ही बाहेर बसा, बाळाला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, त्यात कमीपणा काही नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या की या फेऱ्या थांबतात. पुढे चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा अशा बाळांत जास्त दिसतो, त्यामुळे वर्षाच्या आसपास एकदा परत दाखवा, आणि शाळेत जाईपर्यंत मधूनमधून.